अक्काचा आलेपाकाचा डबा

शैलाअक्का गेली, असा राजाजीनगरहून, तिच्या घरून फोन आला आणि मला रडू येण्याआधी आल्याचा वास आला… अक्का मूळची बेळगावची. आमच्या प्रयोगशाळेत ती माणसांच्या कानांमागे तारांच्या चकत्या चिकटवायची.

डोक्यावर पडद्याचं हेल्मेट चढवलं की चित्रातला रस्ता धावायचा, आपण मात्र खुर्चीतच. पोट ढवळून निघायचं. कानामागून अगदी हलका विद्युतप्रवाह दिला तर मेंदूला शरीरही वळतंय असं वाटेल आणि मळमळ थांबेल, अशी आमच्या प्रयोगशाळेच्या सरांची कल्पना. प्रयोगाला मी आयतीच सापडले, कारण मला जवळच्या होसकोट्याची बससुद्धा लागते. पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत ओकले. लाजेने मेल्यासारखं झालं. अक्काने तोंड पुसलं, डबा उघडला. ‘खा गं, स्वल्प बरं वाटेल.’

मग दर वेळी ती आधीच वडी हातावर ठेवू लागली. गाडी लागणाऱ्याला आलेपाक द्यायचा, यात विचार तो काय करायचा? माझं ओकणं थांबलं. सर हरखले, प्रयोग दाखवायला पाहुणे बोलावायचं ठरलं. एकदा चहाला अक्काने कौतुकाने डबा पुढे केला. ‘घ्या सर, हिला प्रयोगाआधी रोज देते.’

सरांनी कप खाली ठेवला. गुण विजेचा की आल्याचा, आता कोण सांगणार? आलेपाक बंद करून पुन्हा प्रयोग केला, तर मी पुन्हा ओकले. सर एवढंच म्हणाले, ‘असू दे शैलाबाई, नव्याने करू.’ अक्काची मान मात्र वर झाली नाही. ‘घरी कळू देऊ नकोस गं,’ एवढंच मला म्हणाली.

तिच्या तेराव्याला सरांनी हा किस्सा मायेनेच सांगितला. सगळे हसले. मीही हसले… आणि समोर तिची मुलगी दिसली. ती हसत नव्हती.

नंतर ती तोच डबा मला द्यायला घेऊन आली. ‘मावशी, लहानपणी मी आलेपाकासाठी किती रडायचे. आई म्हणायची, आता जमत नाही गं. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय. हे लिहा तुम्ही.’

म्हणून लिहिलं. डब्यात अक्का त्या दिवसानंतर शेवटपर्यंत टाचण्याच ठेवायची, तरी आल्याचा वास गेलेला नाही. मी झाकण उघडते, माझं ते हसणं आठवतं, आणि झाकण लावून टाकते.