साळवे सर आणि मी सही केलेला नकाशा

साळवे सर काल गेले, आणि त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

पंधरा-सोळा वर्षं हातात होती. मागितली नाही.

कर्वेनगरमधल्या एका छोट्या कंपनीत आम्ही उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे काढायचो. दिवसभर माऊसने रस्ते, विहिरी, छपरं गिरवायची. घरी येऊन डोळे मिटले तरी छपरंच दिसायची.

सर सरकारी मोजणी खात्यातून रिटायर होऊन आमच्याकडे चेकर म्हणून आले होते. आयुष्यभर साखळी ओढत शेतं मोजलेला माणूस.

लंच ब्रेकमध्ये आम्ही ऑनलाइन नकाशात आपापली घरं शोधायचो. मी शनिवार पेठेतलं माहेर दाखवलं. सर वाकून म्हणाले, "गच्चीवर पांढरं दिसतंय ते पापड. म्हणजे फोटो उन्हाळ्यातला."

मग मांजरी गावाचं काम आलं.

एक नवा रस्ता जाणार होता. त्याच्या वाटेत घरं किती, एवढंच सांगायचं. आमच्या फोटोत एकही घर नव्हतं. नुसता ऊस.

सर म्हणाले, फोटो जुना वाटतो, जाऊन बघतो. मॅनेजर म्हणाला, डेडलाइन उद्याची आहे. सरांनी हाफ डे टाकला आणि बसने गेले.

सकाळी एक कागद घेऊन आले. पेन्सिलने काढलेली सत्तावीस घरं. प्रत्येकावर नाव.

मॅनेजर म्हणाला, क्लायंटने दिलेल्या फोटोवरच काम करायचं.

सर म्हणाले, मग मी सही करत नाही.

फाइल माझ्या टेबलावर आली.

मुलगी अडीच वर्षांची होती. नवरा तेव्हा घरी बसलेला.

'वस्ती : निरंक' या ओळीखाली मी सही केली.

 सर तो कागद घेऊन रस्ता मंजूर करणाऱ्या ऑफिसात रोज जाऊन बसायला लागले. तीन आठवडे. शेवटी तिथला एक इंजिनिअर कंटाळून त्यांच्याबरोबर मांजरीला गेला.

रस्ता थोडा वळवला. घरं राहिली.

सरांचं काँट्रॅक्ट मात्र पुढे वाढलं नाही.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "सर, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"मला पेन्शन आहे. तुला लेकरू आहे. शौर्यबिर्य काही नाही त्यात."

डबा पिशवीत टाकून निघाले.

माफी तेव्हाच मागायला हवी होती. मला नुसतं हायसं वाटलं.

पुढे कंपन्या बदलल्या, सॉफ्टवेअर बदललं. मी अजून छपरंच गिरवते. दिवाळीला फोन व्हायचा. सर विचारायचे, सध्या कुठलं गाव चाललंय? मी गावाचं नाव सांगायचे. झालं.

काल स्मशानभूमीत त्रिशरण झालं तेव्हा मागे दहा-बारा अनोळखी माणसं उभी होती. मांजरीहून टेम्पो करून आलेली.

एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

"ऑफिसातली."

त्यांनी माझा हात धरला. "आमचं घर हाय अजून, बाई. तुम्ही लोकांनीच वाचवलं."

मी मान हलवली.

होकारार्थी.

रात्रभर तेच डोक्यात आहे. म्हणून इथे लिहिते, सरांना ओळखणाऱ्या सगळ्यांसाठी : ती घरं नाहीत असं लिहून देणारी सही माझी होती. वाचवली एकट्या सरांनी.

फार थकले हे घेऊन फिरून.

सर, माफ करा.

जयभीम.