आठव्या गोळ्याचा निळा

थेंबकाकांचं खरं नाव दुकानाच्या हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. बाहेर सगळे त्यांना थेंबकाकाच म्हणायचे, अगदी त्यांच्या घरीसुद्धा. रंगाच्या दुकानात सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. गिऱ्हाईक जो रंग दाखवेल तो नजरेने जोखायचा आणि पांढऱ्या रंगात गडद रंगांच्या छोट्या बाटल्यांतून थेंब सोडत हुबेहूब तसाच कालवून द्यायचा. कुणी कपाटाची तुटकी फळी आणायचं, कुणी भिंतीचा पोपडा कागदाच्या पुडीत बांधून आणायचं. काका तो तुकडा दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि आत येऊन टेबलापाशी उभे राहायचे. दोन पिवळे, एक काळा, अर्धा तांबडा. अर्धा थेंब कसा टाकतात ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. मग जाड कार्डावर बोटाने रंग फासून वाळवायचा, पुन्हा दाराशी जायचं, तुकड्याला भिडवून बघायचं. सांधा दिसला नाही की डबा बंद.

ही नजर देवाची देणगी आहे असं काकू म्हणत. त्या रोज सकाळी हात जोडून उभ्या राहिल्या की घरातल्या प्रत्येकासाठी एकेक गोष्ट मागत, आणि नवऱ्यासाठी फक्त डोळे मागत. काका म्हणायचे, "गुडघ्यांसाठीही मागत जा थोडं. उजेडापर्यंत चालत मीच जातो."

काकांचा एक नियम होता. फोटोवरून रंग देणार नाही. वस्तू आणा, नाहीतर वस्तूचा कपचा आणा. फोटो खोटं बोलतो, छापणारा आणखी खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. बायका मोबाइलवर भिंतींची चित्रं दाखवून विनवण्या करायच्या, तरी काका हलायचे नाहीत. थोरले मालक होते तोवर या हट्टाचं कौतुक होतं. ते गेले आणि धाकटे मालक गादीवर आले, तसं कौतुक हळूहळू कपाळावरच्या आठीत बदललं.

त्या वर्षी धाकट्या मालकांनी रंग मिसळायचं यंत्र आणलं. भलंमोठं, पांढरंशुभ्र, समोर पडदा. त्याला फोटो दाखवा, कार्ड दाखवा, ते आपल्या यादीतला नंबर काढतं आणि डब्यात सर्रकन धारा सोडतं. यंत्र कुठे ठेवायचं यावर आठवडाभर खल झाला आणि सगळी बोटं काकांच्या टेबलाकडे वळली, कारण दाराजवळची ती जागा मोक्याची होती. शेवटी मालकांनी तोड काढली. गावातल्या विज्ञान केंद्राने नव्या दालनासाठी ग्रहांचे आठ गोळे रंगवायला दिले होते. ते काम काकांनी हाताने करावं. केंद्राच्या बाई खूश झाल्या तर टेबल जागेवर राहील. नाही झाल्या तर यंत्र तिथे येईल आणि काका मागे गोदामात डब्यांची नोंद ठेवतील.

"गोदामात उजेड नाही," काका म्हणाले.

"बल्ब लावून देतो की," मालक म्हणाले.

बल्बच्या उजेडात रंग बघायचा म्हणजे सर्दी झालेल्या माणसाने अत्तर निवडायचं, हे मालकांना समजावण्यात अर्थ नव्हता.

आता ग्रहाचा कपचा कोण आणून देणार? केंद्राच्या बाईंनी एक छापील तक्ता दिला होता, त्यावर आठही ग्रह रांगेत. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच काकांनी फोटोवरून रंग कालवायला घेतला. मनाला पटत नव्हतं, पण टेबल डोळ्यांसमोर होतं. मंगळाचा गंजलेला तांबूस, शनीचा फिकट पिवळा, युरेनसचा निवळ हिरवट निळा, सगळं जमत गेलं. शेवटचा नेपच्यून. तक्त्यावर तो गर्द निळा होता, शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा. काकांनी त्यावर चार दिवस घातले. तक्त्याशेजारी कार्ड धरलं तर सांधा दिसेना. आपल्या आयुष्यातला सगळ्यात सुरेख निळा झालाय, असं त्या दिवशी त्यांनी काकूंना सांगितलं. एरवी ते स्वतःच्या कामाला कधी बरं म्हणत नसत.

सात गोळे पास झाले. आठवा परत आला.

केंद्राच्या बाई स्वतः आल्या. बोलायला फार मऊ होत्या, त्यामुळे काकांना राग कुणावर काढावा तेच कळेना. त्यांनी सांगितलं की नेपच्यून एवढा गडद नाहीच. त्याच्याजवळून आजवर एकच यान गेलं, तेही एकोणीसशे एकोणनव्वद साली. वरचे ढग आणि वारे नीट दिसावेत म्हणून तेव्हाचे फोटो मुद्दाम गडद केले होते. तशी टीपही तेव्हा दिली होती, पण फोटो जगभर फिरले आणि टीप मागे राहिली. अलीकडे मोठ्या दुर्बिणींच्या नोंदींशी ताडून पुन्हा हिशेब मांडला, तर तो जवळजवळ युरेनससारखाच निघाला. फिकट, हिरवट निळा. किंचित जास्त निळा, इतकंच.

"मग तुम्ही दिलेला तक्ता?"

"जुना होता. माझीच चूक. पण दालनात चुकीचा रंग कसा लावू?"

धाकटे मालक तिथेच उभे होते. बाईंची चूक त्यांच्या एका कानातून आत गेली आणि दुसऱ्यातून बाहेर पडली. त्यांच्या लेखी आठव्या गोळ्याचा रंग चुकला होता आणि तो काकांनी लावला होता. काकांनी त्यांना तोच तक्ता यंत्राला दाखवायला लावला. यंत्राने मुकाट्याने तोच गर्द निळा काढला. काका म्हणाले, बघा, यालाही फोटोने फसवलंच की. त्यावर मालकांनी शांतपणे सांगितलं, की यंत्राची चूक एका बटणाने सुधारते, तुमची सुधारायला चार दिवस लागतात.

हे शब्द काका घरी घेऊन आले. चप्पल काढतानाही ते त्यांच्याबरोबर होते, हात धुतानाही.

सूनबाईने तोवर वाचनालयातून ग्रहांचं पुस्तक आणलं होतं. ती संध्याकाळी भाजी निवडता निवडता वाचून दाखवायची आणि काका समोर बसून तिच्यावरच खेकसायचे, जणू तो ग्रह तिच्या माहेरचा. सूर्यापासून आठवा, सगळ्यात लांबचा. साडेचारशे कोटी किलोमीटर. सूर्याचा उजेड तिथे पोचायला चार तास लागतात.

"आणि पोचतो तो किती?" काकांनी विचारलं.

सूनबाईने पान उलटलं. आपल्याकडच्या उजेडाच्या नऊशे भागांतला एक भाग.

काकांनी कपाळाला हात लावला. म्हणजे तो ग्रह स्वतःच गोदामात बसलाय म्हणायचा. तिथला दिवस सोळा तासांचा आणि वर्ष आपल्या एकशे पासष्ट वर्षांचं, हे ऐकून काकू म्हणाल्या, बिचाऱ्याचा वाढदिवस कुणाच्याच हयातीत येत नाही. पाय ठेवायला जमीन नाही, नुसता वायू आणि आत पाण्या-अमोनियाचा दाट काला. वारे ताशी दोन हजार किलोमीटरने वाहतात. निळेपणा मिथेन वायूचा. तो उजेडातला तांबडा भाग गिळतो आणि निळा परत पाठवतो. दुर्बिणीवाचून तो दिसतसुद्धा नाही. युरेनसची चाल कुठे अडखळते यावरून आधी कागदावर गणित मांडलं आणि मग त्या जागी दुर्बीण रोखली, तर हा सापडला.

"न बघता शोधला, न बघता रंगवा," काका म्हणाले. "कपचा मागितला तर कुणाकडे नाही. सगळ्यांना त्याचा रंग ठाऊक, आणि एकानेही तो दाराशी धरून पाहिलेला नाही."

"ज्याने रंगवलाय त्याने पाहिलाय ना," काकू म्हणाल्या. त्यांनी हे सहज म्हटलं आणि शेंगांच्या शिरा काढत राहिल्या.

काका चिडले. ज्याने रंगवलाय त्याने थेंब किती टाकले तेवढं विचारून सांग म्हणाले. काकूंनी मान खाली घालूनच उत्तर दिलं, "विचारीन सकाळी. तुम्ही तोवर हात चालू ठेवा."

पण दुसऱ्या दिवशी हात चालेना. काकांचं खरं दुखणं वेगळंच होतं. नेपच्यून युरेनससारखा करायचा म्हणजे दोन गोळे शेजारी शेजारी एकाच रंगाचे दिसणार. बघणारे म्हणणार, म्हाताऱ्याने एका डब्यात दोन ग्रह उरकले. त्यांनी बाईंना फोन लावला आणि किंचित म्हणजे किती थेंब असं सरळ विचारलं. बाई अडखळल्या. शास्त्रज्ञांनी थेंबांत सांगितलेलं नाही, म्हणाल्या. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली. युरेनसवरचं धुकं जाड आहे म्हणून तो जास्त फिका दिसतो. नेपच्यूनवर ते पातळ आहे, म्हणून खालचा निळा थोडा जास्त वर येतो.

धुकं म्हटल्यावर काकांना काहीतरी हाताशी लागलं. धुकं म्हणजे पांढरा. त्यांनी युरेनसचाच रंग घेतला, त्यात पांढरा थोडा कमी ठेवला आणि निळ्याचे थेंब मोजून टाकले. एका डब्यात तीन, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सात. तीन कार्डं वाळवली. दाराशी उभे राहून सबंध दुपार त्यांनी ती उलटसुलट केली. तीन थेंबांत धुकं जायला तयार नव्हतं. सातात जुना खोटा निळा डोकं वर काढत होता. त्यांनी पाचाचं कार्ड उचललं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. बाईंनी ते बघून मान डोलावली, गोळा पास झाला, आणि काकांना काडीचाही आनंद झाला नाही. बाईंनी तरी कुठे तो ग्रह पाहिला होता.

दालन उघडलं त्या दिवशी ते काकू आणि सूनबाईला घेऊन गेले. आठ गोळे छताला टांगलेले. सूर्य म्हणून मधोमध मोठा दिवा, आणि लांब जाल तसा अंधार. नेपच्यून पार कोपऱ्यात, एका पिवळ्या बल्बखाली. त्या पिवळ्या उजेडात पाच थेंब कुठल्या कुठे गेले. समोर उभी असलेली एक बाई आपल्या जावेला सांगत होती, की हे शेवटचे दोन सारखेच दिसतायत, रंग वाचवला वाटतं. काकांचे कान लाल झाले. सूनबाईने त्यांचा हात धरला नसता तर ते बल्ब काढायला स्टुलावर चढलेच असते.

सोमवारी धाकट्या मालकांनी काकांची दोन्ही कार्डं मागितली, युरेनसचं आणि नेपच्यूनचं. पुढेमागे आलीच ऑर्डर तर नंबर साठवून ठेवू म्हणाले. यंत्राने पहिलं कार्ड वाचलं, नंबर दाखवला. दुसरं वाचलं, तोच नंबर दाखवला. मालकांनी काच पुसली, पुन्हा लावलं. तोच नंबर. मग ते काही न बोलता दोन्ही कार्डं घेऊन दाराशी गेले. काका आतून बघत होते. मालकांनी उजेडात कार्डं एकमेकांना भिडवली. अगदी काकांसारखा त्यांचाही एक डोळा नकळत मिटला.

"वेगळे आहेत," ते म्हणाले.

"पाच थेंब," काका म्हणाले. "आणि थोडा पांढरा कमी."

मालकांनी कार्डांची अदलाबदल करून ती पुन्हा भिडवली. मग म्हणाले, "पण काका, हा फरक कळणारे किती?"

दालनातली ती बाई काकांना आठवली. आपण कधीच जाणार नाही अशा जागेच्या उजेडासाठी आपण आठवडाभर जीव आटवला, हेही आठवलं.

आठवा गोळा एकदा परत आला होता, म्हणून निकाल अर्धाच लागला. काकांची नोकरी डबे मोजण्यात गेली नाही, हाताने रंग कालवायचं काम राहिलं. पण दाराजवळ यंत्र आलं आणि टेबल गोदामाच्या तोंडाशी सरकलं, बल्बखाली. तिथून दारापर्यंत बेचाळीस पावलं होतात. प्रत्येक कार्डासाठी जायची बेचाळीस, यायची बेचाळीस, आणि मध्ये यंत्रापाशी थांबलेल्या गिऱ्हाइकांना सांगायचं, जरा सरका, ओलं आहे.

काकूंनी आता डोळ्यांबरोबर गुडघेही मागायला सुरुवात केली आहे. गिऱ्हाइकाने फोटो पुढे केला की काका अजून जास्तच भडकतात, आणि पाच थेंबांचं ते कार्ड टेबलाच्या कडेला खिळ्याने ठोकलेलं असतं, जिथे त्याचा रंग धड दिसतही नाही.