बाहेरच्या चुलीचं मीठ

येडगावात कुणाकडे जावळ असो, नवस फेडायचा असो की नवे सोयरे पहिल्यांदा जेवायला येणार असोत, मटणाचं पातेलं चढवायला चिमाबाईंना बोलावणं ठरलेलं. बाई यायच्या, पदर खोचायच्या, पातेल्याजवळ बसायच्या आणि रस्सा असा उतरायचा की पावणे ताटावरून उठायचं नाव घ्यायचे नाहीत. हाताला चव असते म्हणतात, ती असली तर अशी. आता ह्यातली गंमत ऐका. ह्या बाईंनी जन्मात मटणाचा घास तोंडात घातला नव्हता. घास राहू द्या, पळीला लागलेला रस्सासुद्धा कधी जिभेच्या टोकाला लावला नव्हता. चिमाबाई माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ माहेराहून आलेली, आणि सासर मिळालं ते असं, की बुधवार-रविवार मटण शिजलं नाही तर घराला सुतक लागल्यासारखं वाटायचं.

लग्न होऊन आल्यावर त्यांनी सासऱ्यांना एवढंच सांगितलं होतं, की करून घालीन, खाणार नाही. मग मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली दुसरी चूल मांडली गेली. तिचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, मिठाची बरणीसुद्धा वेगळी. बाहेरच्या चुलीचं काम आटोपलं की चिमाबाई आंघोळ करायच्या आणि मगच घरातल्या चुलीला शिवायच्या. नवऱ्याचा आणि देवाचा असा दोघांचा संसार त्यांनी एका दाराच्या आत-बाहेर नीट लावून घेतला होता.

त्यांची सून प्राची घोडेगावची. ती ह्या घरात आली तेव्हा तिचा ह्यावर विश्वास बसेना. न चाखता कुठली बाई स्वयंपाक करते? आत्या गुपचूप जिभेला लावत असणार, असं तिनं मनाशी धरलं आणि दाराआडून कितीतरी दिवस पाळत ठेवली. दिसलं ते असं: चिमाबाई पातेल्यावर वाकायच्या, डोळे मिटून वाफ घ्यायच्या, कान देऊन रटरट ऐकायच्या, मग बरणीत हात घालून मीठ टाकायच्या. बस्स. एकदा धीर करून प्राचीनं विचारलंच. चिमाबाई म्हणाल्या, त्यात काय एवढं, मीठ पडलं की वास खाली बसतो, नसलं तर नाकात टोचतो. प्राचीनंही पातेल्यावर नाक नेलं. तिला नुसताच वास आला आणि भूक लागली. त्या दिवसापासून तिला सासूचा धाकही वाटेनासा झाला, वाटायचं ते नवलच.

वासाखेरीज आणखी एक खूण होती, ती चिमाबाईंनी सुनेला फार उशिरा सांगितली. लग्नाच्या नवलाईत एकदा त्यांच्या हातून दोनदा मीठ पडलं होतं. त्यांचे मालक भिमाजी हूं की चूं न करता जेवले, वर आणखी वाढून घेतलं. रस्सा मिठाचा खडा झाला होता, हे नणंदेनं मागाहून सांगितलं तेव्हा चिमाबाईंना कळलं. तेव्हापासून त्यांनी नवऱ्याला ‘कसं झालंय’ असं विचारणंच सोडून दिलं. माणूस खोटंच बोलणार असेल तर विचारा कशाला? त्या भिमाजींच्या तांब्यावर नजर ठेवायच्या. जेवताना हात तांब्याकडे जास्त गेला, की पुढच्या वेळी मीठ आखडायचं. गेलाच नाही, की चिमूटभर वाढवायचं. भिमाजींना ह्याचा पत्ता नव्हता. ते आपले गावभर सांगत फिरायचे, की आमची माळकरीण न चाखता करती, पण राव, एकदा म्हणून चुकली न्हाई.

असा हा जोरदार खाणारा माणूस, पण आयुष्यभर तंबाखूची गोळी गालात धरलेली. दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात त्याच गालाच्या आत गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, मग लाईटचे, म्हणजे रेडिएशनचे, शेक झाले. गाठ गेली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, पण गाठीबरोबर भिमाजींच्या जिभेची चव गेली. शेकांनी तोंड आतून सोललं, थुंकी आटली. तिखट लागायचं नाही, नुसतं झोंबायचं. गोड म्हणजे काय आणि खारट म्हणजे काय, दोन्ही सारखंच. दवाखान्यात कोंबडीचं पाणी पाजून पाजून त्याचीही शिसारी बसली. घरी आल्यावर ते पेज नाहीतर दूध, तेवढंच घशाखाली ढकलायचे, आणि भाकरी पुढे आली की तोंड फिरवायचे. माती खाल्ल्यासारखं होतं म्हणायचे.

ढोल्या अंगाचा माणूस, पण सदरा खुंटीला लटकावा तसा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी मुलाला, अमृतला, बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या खेपेपर्यंत हे चावून काही खायला लागले नाहीत तर पोटाला भोक पाडून नळी घालावी लागेल. चव परत येईल का, असं अमृतनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, कुणाची येते, कुणाची नाही येत. भिमाजींच्या कानावर नळीची गोष्ट गेली तेव्हा ते चिमाबाईंना म्हणाले, “नळीनं जगवू नकोस मला.” चिमाबाई उठल्या. गोठ्यात जाऊन म्हशीला उगाच थोपटत बसल्या.

त्यांचं दुःख दुहेरी होतं. भिमाजींचं तोंड आता सदा कोरडं, त्यामुळे पेजेच्या प्रत्येक घोटाला तांब्या तोंडाला. त्यांची एवढ्या वर्षांची खूणच गेली. करणारीला चव माहीत नाही आणि खाणाऱ्याला लागत नाही, मग स्वयंपाक करायचा कुणाच्या भरवशावर?

दवाखान्यात आहार सांगणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी प्राचीला समजावून सांगितलं होतं, की तळलेलं नको, तिखट नको, लाल मटण तर नकोच. हलक्या मांसाचा खिमा करून गोळे वळा आणि ओव्हनमध्ये तेलाशिवाय भाजा, मऊ राहतील. कोंबडीची शिसारी आली असेल तर टर्की चालेल, पण ती तुमच्याकडे कुठली, असं म्हणून त्या हसल्या. प्राची हसली नाही. अमृत नारायणगावच्या रस्त्यावरल्या एका पोल्ट्रीत कामाला होता आणि तिथल्या मालकानं हौसेनं टर्क्या पाळल्या होत्या. त्यातला एक नर अमृतनं मागून आणला.

काय ते जनावर! शेपटाचा पंखा उघडायचं, गळ्याची लाल पिशवी हलवत गुडगुड करायचं आणि अंगणात असं मिरवायचं की गल्लीतली कुत्री बिचकून रस्ता सोडायची. चिमाबाईंनी त्याला हातानं ज्वारी घातली. कापायच्या दिवशी सकाळी त्या घरातल्या देवापुढे भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि बाहेरचा आवाज थांबल्यावर पदर खोचून मागच्या अंगणात आल्या.

ओव्हन म्हणजे प्राचीच्या थोरल्या भावानं लग्नात दिलेला गोल ॲल्युमिनियमचा डबा, झाकणावर काच बसवलेला. आजवर त्यात नानकटाईच झाली होती. मांस त्यात जाणार म्हणजे तो घराबाहेर आला पाहिजे. प्राचीनं खिडकीतून लांब वायर ओढून तो बाहेरच्या चुलीजवळ पाटावर मांडला. अमृतनं छातीचं मांस सुरीनं बारीक चेचून दिलं. चिमाबाईंनी त्यात किसलेला कांदा, आलं आणि कोथिंबीर घातली, मीठ बेतानंच टाकलं, कारण तोंड सोललेलं, आणि निम्म्या खिम्याचे गोळे वळून आत ठेवले.

पहिला घाणा पार फसला. गोळे निघाले ते दगडी गोट्या. अमृतनं एक तोंडात टाकला आणि तो बराच वेळ चघळत राहिला. आई पलीकडे वळली तसं त्यानं प्राचीच्या कानाशी हळूच सांगितलं, की कडक तर आहेच, पण अळणीही आहे.

चिमाबाई उरलेला खिमा बोटांनी चेपत बसल्या होत्या. म्हणाल्या, की ह्या जनावराला चरबी नाही, नुसतं वाळकं लाकूड आहे, ह्याला ओल आपणच द्यायला पाहिजे. त्यांनी ताजी भाकरी दुधात भिजवून कुस्करली, दुधावरची साय घातली, आणि सगळं असं मळलं की खिमा कणकेसारखा मऊ झाला. न खाल्लेल्या पक्ष्याचं, न चाखलेलं मांस, आणि बाई त्याच्याशी अशा वागत होत्या की जणू त्यांच्याच अंगणात पिढ्यान् पिढ्या ते शिजत आलंय. प्राची हातातलं काम सोडून बघतच राहिली.

मग चिमाबाई, नंतरच्या आंघोळीचं पाणी तापवायचं म्हणून, चुलीला घालायला लाकडं आणायला गोठ्याकडे गेल्या, आणि प्राची खिम्यापाशी उरली. अळणी आहे हे आत्यांना सांगायचं कोणी? जिनं जन्मभर न चाखता गावाला जेवू घातलं, तिला काल आलेल्या सुनेनं मिठाची चूक दाखवायची? आणि सांगितलं नाही, तर मामा हा गोळासुद्धा थुंकतील आणि मग ती नळी. प्राचीनं इकडेतिकडे पाहिलं, बरणीत हात घातला आणि चांगलं मूठभर मीठ खिम्यात मिसळून टाकलं.

तिला हे माहीत नव्हतं, की अमृत ज्या तोंडानं तो गोळा चघळत होता ते तोंड चिमाबाईंनी पाहिलं होतं. पोराचे गाल हलतायत पण नाकपुड्या हलत नाहीत, म्हणजे मीठ कमी, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि भाकरी कुस्करताना त्यांनी आपल्या हातानं मीठ वाढवलंही होतं.

गोळे आत गेले. काचेतून त्यांचा रंग नुकता बदलायला लागला होता, तोच लाईट गेली. त्या वर्षी लोडशेडिंगला काळवेळ उरला नव्हता. प्राचीच्या तोंडचं पाणी पळालं. चिमाबाई मात्र शांत. त्यांनी ओव्हन उचलून चुलीतल्या गरम राखेवर ठेवला, झाकण काढून त्यावर लोखंडी तवा पालथा घातला आणि तव्यावर धगधगते निखारे पसरले. मग डोळे मिटून तव्याच्या कडेशी कान नेला. आत चरचरतंय, अजून वेळ आहे, असं म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, आता बोलायचं थांबलं, काढ. प्राचीनं तवा उचलला. गोळे वरून तांबूस, फुगलेले, आणि बोटानं दाबले तर मऊ. 

ताट भिमाजींपुढे ओसरीवर आलं. चिमाबाई दाराशी उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या. भिमाजींनी बायकोकडे पाहिलं, नाइलाजानं एक गोळा मोडला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. पाणी प्यायले. दुसरा तुकडा घातला आणि मध्येच थांबले. जबडा हलेना. प्राचीनं पदराचं टोक मुठीत आवळलं. आता थुंकणार, असं तिला वाटलं.

भिमाजींनी तो घास सावकाश गिळला. हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे त्यांनी पाहिलं.

“चिमे,” ते म्हणाले, “खारट झालंय गं.”

उभ्या संसारात ह्या माणसानं बायकोच्या मिठाला नाव ठेवलं नव्हतं, मिठाचा खडा झालेला रस्सा मुकाट्यानं खाल्ला होता. चिमाबाई दारातून पुढे आल्या.

“काय म्हनला?”

“खारट. लई खारट झालंय.” भिमाजींनी दुसरा गोळा मोडला. “लागलं मला. मीठ लागलं.”

“पुन्यांदा म्हना,” चिमाबाई म्हणाल्या, आणि गळ्यातली माळ मुठीत धरून रडायला लागल्या. भिमाजींनी पुन्हा म्हटलं. आणि ते खारट गोळे त्यांनी पाणी पीत पीत, रडत, हसत ताट रिकामं होईपर्यंत खाल्ले. प्राचीला राहवेना. मीठ मीपण टाकलं होतं आत्या, असं तिनं सांगून टाकलं. चिमाबाईंनी डोळे पुसले आणि तिला जवळ ओढून म्हणाल्या, की बरं झालं बाई, माझ्या एकटीच्या मिठानं हे जागे झाले नसते.

चव काही एका दिवसात सगळी आली नाही. आधी खारट आलं, मग आंबट, गोड तर दिवाळीनंतर. पण नळी टळली. भिमाजी हळूहळू भाकरीवर आले, अंग धरायला लागले, आणि एकदा तोंड उघडल्यावर मग थांबेचनात. आज मीठ कमी, आज जास्त, आज आलं करपलं. उभ्या जन्मात दाबून ठेवलेल्या सगळ्या खोड्या त्यांनी जेवताना काढायला सुरुवात केली. शेजारणी म्हणायच्या, आजारानं म्हातारा खवट झाला.

चिमाबाईंना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांनी तांब्याकडे बघणं सोडून दिलं होतं. बाहेरच्या चुलीवरचं ताट वाढून त्या दाराशी उभ्या राहायच्या, आणि लग्नाच्या नवलाईत सोडून दिलेला प्रश्न रोज विचारायच्या, “कसं झालंय?” आणि भिमाजी काय नाव ठेवतात ते ऐकायला थांबायच्या.