धाकट्या जावयाची दुरुस्ती

आमच्या साडूइतका सावकाश हात चालवून एवढं नाव कमावलेला माणूस कल्याणच्या पुढे तरी दुसरा नसेल. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. राहायला कुळगावात, नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. अंबरनाथच्या एका अख्ख्या ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळतो तो मी. तरीही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एकटे राहणाऱ्या आमच्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर अडला की फोन जायचा तो साडूला. थोरला जावई मी, पण मला फोन दिवाळीला. माझा जळफळाट व्हायचा आणि तो मी कधी लपवलाही नाही.

सासऱ्यांकडे यंत्रं दोन. एक विंडोजवाला जुना कॉम्प्युटर. त्यात ते सासूबाई असतानाचे फोटो स्कॅन करून ठेवत. दुसरा मॅक, माझ्या लेकीने वापरून झाल्यावर आजोबांना दिलेला, म्हणजे अर्धी सामग्री माझ्याच घरची. विंडोजमधले फोटो मॅकच्या मोठ्या पडद्यावर दिसावेत, एवढीच त्यांची इच्छा. दोन्ही यंत्रं राऊटरवरून जोडलेली, पण दर आठवड्याला मॅक विंडोजचा पासवर्ड मागायचा आणि सासरे आपला कॉम्प्युटर उघडायचा चार आकडी पिन घालायचे. तिथे पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. मग फोटो गायब. काम मिनिटभराचं, पण साडूला अख्खा रविवार लागायचा.

आल्यावर तो आधी पाय धुवायचा, मग मऊ फडक्याने दोन्ही कीबोर्ड पुसायचा. मग चौकशी. लाइट गेली होती का, काल काय काय उघडलंत, भाजी कुठली केली होती. एवढं तर डॉक्टरही विचारत नाही. राऊटर बंद करून "थंड होऊ द्या" म्हणत तो गप्पांना बसायचा, त्यात सासऱ्यांच्या लग्नापर्यंत जाऊन यायचा. एकदा मीही तिथे होतो. न राहवून खुर्ची पुढे ओढली, तर म्हणाला, "दादा, तुम्ही कशाला टेन्शन घेता? जरा कॅम्प दोनला जाऊन एक केबल आणता का?" ऑफिसात केबल आणायला मी माणसं पाठवतो. पण गेलो, उन्हात घासाघीस करून केबल आणली, तर दोघं जेवून सुपारी कातरत बसलेले आणि पडद्यावर सासूबाईंचा हळदीकुंकवाचा फोटो. केबल लागलीच नाही. याच्या हाताला गुण आहे, असं मला वाढता वाढता सासरे मलाच सांगू लागले, तेव्हा मला घास गिळवेना.

अलीकडे साडूची बदली झाली, थेट गुजरातेत. मी तोंडदेखला हळहळलो. पुढच्याच रविवारी सासऱ्यांचा फोन मला. गेलो, पासवर्ड घातला, फोटो उघडले आणि चप्पल घालायला उठलोसुद्धा.

सासरे स्वयंपाकघराच्या दारात आले. हाताला तांदळाचे दाणे चिकटलेले.

"झालं पण? मी तर दोघांचा भात टाकलाय, श्रीधरराव."

मी परत बसलो. म्हटलं, अजून जरा गडबड दिसतेय. जोडलेलं तोडून पासवर्डची चौकट पुन्हा उघडली. तिच्या खाली एक बारीकसा चौकोन असतो. तिथे एकदा खूण केली की मॅक पासवर्ड लक्षात ठेवतो, पुन्हा कधी विचारत नाही. इतक्या रविवारांत साडूने ती खूण केली नव्हती. लेकाचा!

मीही केली नाही. जेवताना सासरे सबंध वेळ धाकट्या जावयाचंच कौतुक करत होते. मी पुन्हा भात मागून घेतला.