चावी कुणाकडं हाय?

"चावी कुणाकडं हाय?"

मशीनला हात लावण्याआधी चाचा हे विचारायचे. उजवा तळवा पुढे करून. चावी त्यावर पडली की ती सदऱ्याच्या वरच्या खिशात जायची, खिशावर दोन थापा बसायच्या आणि मगच गडी खाली वाकायचा. मशीनपाशी आम्ही दोघंच असू, चावी माझ्या बोटाला लोंबकळत असे, तरी प्रश्न ठरलेला. मला अस्सा वैताग यायचा! दिसतंय ना बाबा, माझ्याकडेच आहे.

मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला पुण्याच्या एका शेठचं रिसॉर्ट होतं. तिथे मी मॅनेजर. मॅनेजर म्हणजे गळक्या नळापासून पाहुण्यांच्या हरवलेल्या चपलांपर्यंत सगळं माझ्या डोक्यावर. हिरवळ एवढी मोठी, की शेठनी कुठूनतरी एक जुनं परदेशी मशीन आणलं होतं. त्यावर बसायचं, स्टिअरिंग धरायचं आणि गवत कापत फिरायचं. राजगड उतरून आलेली पोरंपोरी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायची. पोटाखाली तीन पाती होती आणि ती फिरवायला एक लांब पट्टा. फोटोत ते काही येत नसे.

मशीनची देखभाल करणारे चाचा भोरचे. सगळा जन्म पिठाच्या गिरण्या दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे पट्टा म्हणजे त्यांचा हातखंडा. मशीनचा पट्टा तुटला तेव्हा पुण्यात कुठे मिळेना. चाचांनी तुटका पट्टा खांद्यावर टाकला, एसटीनं भोरला गेले आणि गिरणीच्या मापातला तंतोतंत बसणारा घेऊन आले. पट्टा हातात आला की आधी तो नाकाशी धरायचे. "जळका वास येतोय. पंधरा दिस काढंल," म्हणायचे. सोळाव्या दिवशी तो तुटायचा. आता अशा माणसाशी वाद काय घालणार?

पात्यांची धार म्हणजे तर सोहळाच. कानशीनं घासून झालं की पात्याचं मधलं भोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचे आणि लांब उभे राहायचे. ज्या बाजूला पातं कलेल ती बाजू पुन्हा घासायची. पातं आडवं, स्थिर राहीपर्यंत चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

एकदा पाती खोलली तर आत धामणीचा तुकडा निघाला. मी मागे सरलो. चाचांनी तो काठीनं बाजूला केला आणि म्हणाले, "पात्याला डोळं न्हाईत, साहेब. गवत काय, जनावर काय, हात काय."

तेव्हाच त्यांनी सांगितलं, की कडबाकुट्टीत त्यांच्या धाकट्या भावाचा हात गेला होता. भाऊ यंत्राचं तोंड साफ करत होता आणि कुणीतरी बटण दाबलं. कुणी दाबलं ते चाचांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या मशीनला स्वतःचीही राखण होती. सीटवर कुणी नसलं किंवा पाती इंजिनाला जोडलेली असली, तर ते चालूच होत नसे. पण वेल्ह्याचा पावसाळा! सीटखालचा स्विच गंजला आणि मशीन चालता चालता बंद पडायला लागलं. शेठ माझ्यावर ओरडले, मी चाचांवर ओरडलो. "सगळे स्विच सोडून वायरी सरळ जोडून टाका."

"न्हाई, साहेब. त्ये माणसासाठी केलंय."

दोन दिवस ते ऐकेनात. शेवटी मी म्हटलं, "मग दुसरा मिस्त्री बोलावतो." हे बोलायला नको होतं. चाचांनी वायरी जोडल्या आणि चावी काढून मला दाखवली. "आता समदी राखण हिच्यावर. इसरू नका."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करायचो. ते धुऊन पुसून लख्ख करायला चाचाच सगळ्यांच्या आधी हजर असायचे, झेंडूची माळही तेच घालायचे आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा मागून घ्यायचे. त्या वर्षी शेठ स्वतः आले होते. चाचांनी नुकताच पट्ट्याचा ताण बघितला होता, त्यामुळे पाती जोडलेलीच होती. शेठ म्हणाले, "चावी ताटात ठेवा, तिलाही कुंकू लावू."

चाचांचा हात खिशावर गेला आणि तिथेच थांबला. माझ्याकडे बघून म्हणाले, "चावी कुणाकडं ऱ्हाईल?"

"माझ्याकडे. अहो, मी इथेच उभा आहे ना," मी म्हटलं. जरा चिडूनच.

त्यांनी चावी माझ्या हातात दिली. मी ती ताटात ठेवली. मग कळलं, कापूर आहे पण काडेपेटी नाही. मी धावत स्वयंपाकघरात गेलो. किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं.

तेवढ्यात माळेचं टोक घसरून खाली पट्ट्यात गेलं. दोरा चाकाला गुंडाळला तर नवा पट्टा जाईल म्हणून चाचा पलीकडच्या बाजूनं वाकले आणि त्यांनी आत हात घातला. चावी साहेबांकडं आहे ना! इकडे शेठनी नारळ फोडला. नारळ फुटला की यंत्र एकदा चालू करायचं, ही रीतच आहे. त्यांनी कुंकू लावलेली चावी उचलली आणि उभ्या उभ्याच फिरवली.

मी काडेपेटी घेऊन दारात आलो तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकू आला. पाठोपाठ चाचांचा.

तीन बोटं गेली. दवाखान्यात शेठनी विचारलं, "चावी दिली कुणी?" चाचा म्हणाले, "म्याच दिली." खोटं नव्हतं ते. ती ताटात टाकून मी निघून गेलो, हे पुढचं सांगणं माझं काम होतं. मी फरशीकडे बघत राहिलो. आजही लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, पण नोकरी जास्त प्यारी होती.

चाचा पुन्हा मार्गासनीला आले नाहीत. मशीन शेडमध्ये गंजलं आणि पुढे भंगारात गेलं.

चार-पाच वर्षांनी शिवऱ्याजवळ हायवेला माझ्या मोटारसायकलची चेन उतरली. ढकलत ढकलत पहिल्या गॅरेजपर्यंत आलो, तर पुढ्यात चाचा! दाढी पांढरी झालेली. त्यांनी मला लगेच ओळखलं. पाणी दिलं, मुलांची चौकशी केली. त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. मीच काहीतरी बोलायला लागलो, तर म्हणाले, "बसा हो, साहेब. दमला असाल."

मग ते चेनपाशी आले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आणि एक बोट.

"बंद आहे, चाचा," मी म्हटलं. "मी हातसुद्धा लावत नाही. इथेच उभा आहे."

ते हसले. चांगलं, मोकळं हसले. हात मात्र तसाच पुढे होता.

मी चावी काढून त्यावर ठेवली. त्यांनी ती वरच्या खिशात टाकली, खिशावर दोन थापा मारल्या आणि मग खाली वाकले.