चित्र झाकल्यावर

"चित्र काहून झाकता, मॅडम?" शेवंताबाईंनी विचारलं.

लाखांदूरजवळच्या एका गावात आम्ही समाजमंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी जिल्ह्याच्या प्रौढ शिक्षण ऑफिसात इव्हॅल्युएशनचं काम करायची. म्हणजे वर्गातल्या बायकांना खरंच वाचता येतं का, ते तपासायचं. नवं सचित्र पुस्तक आलं होतं. सगळ्या बायका ते घडाघडा वाचतात, असा रिपोर्ट टाइप होऊन तयार होता. फक्त माझी सही बाकी होती.

पानावर चिखलात वाकलेल्या बाईचं चित्र. खाली छापलेलं, 'कमल भात लावते.' शेवंताबाईंनी शब्दांखाली बोट फिरवत वाचलं, "बाई रोवणा करून राहिली."

रोवणा म्हणजे धानाची लावणी. अर्थ बरोबर, पण त्यातला एकही शब्द पानावर नव्हता. शिवाय इकडे भात ताटात असतो, शेतात धान. पुस्तक लिहिणाऱ्याला तेही ठाऊक नव्हतं.

म्हणून मी चित्रावर हात ठेवला होता. शेवंताबाई अडल्या. शेजारची अडली. तिच्या पुढचीही. मला संताप आला तो आमचाच. दिवसभर राबून या बायका सहा महिने येत होत्या, आणि आम्ही त्यांना अंदाज बांधायला शिकवलं होतं.

भंडाऱ्याला येऊन साहेबांना सांगितलं, "चित्र वाचतात, सर. अक्षरं नाही."

"अर्थ कळतो ना? मग झालं. सही करा. गाव साक्षर दाखवायचंय."

"मी करणार नाही."

"तुमच्यावाचून अडत नाही," म्हणत त्यांनी स्वतःच सही ठोकली. गाव साक्षर ठरलं, म्हणून वर्ग बंद झाला.

पंधरा दिवसांनी शेवंताबाई एसटीने ऑफिसात आल्या. हातात पोस्टकार्ड. मी त्यांना थेट साहेबांच्या केबिनमध्ये नेलं.

"माह्या पोरीचं कार्ड हाय, साहेब. तुमी मले साक्षर लिवलं म्हणते. मंग मले हे काहून वाचता येत नाही?"

"बाई, कार्ड कोणीही वाचून देईल."

"वाचून तर मी आधीबी घेतच होती. मंग सहा महिने तुमच्या वर्गात कायले बसली?"

साहेबांनी कार्ड घेऊन माझ्याकडे सरकवलं. मी ते वाचून दाखवलं. लेक बाळंत झाली होती, मुलगी झाली, दोघी खुशाल. शेवंताबाईंचे डोळे भरले, पण आवाज कडकच राहिला. "हे मले मीच वाचाचं होतं," त्या म्हणाल्या.

साहेबांच्या तोंडी हुकमावर पुढच्या सोमवारी वर्ग पुन्हा सुरू झाला. मी हातानं पानं तयार केली. पुढे अक्षरं, मागे चित्र. आधी वाचायचं, मग पान उलटून बघायचं. वेळ लागला, पण बायका वाचू लागल्या.

फाईलवर त्याला 'उजळणी वर्ग' म्हटलं गेलं. आधीचा रिपोर्ट तसाच राहिला. ऑफिसात चूक दुरुस्त करता येते, मान्य मात्र करता येत नाही.