साडेतीन यंत्रं आणि दोन किल्ल्या

माझ्या साडूइतका मक्याच्या कणसावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसरा नसेल. गंमत म्हणजे त्याला मका आवडत नाही. दातांत अडकतो म्हणतो. त्याचा जीव आहे तो कणीस तोडण्यावर, आणि तेही हाताने नव्हे, सत्तर वर्षांपूर्वीच्या यंत्राने. हा गृहस्थ पुण्यात डेक्कनवर वाढला. शेत त्याने पाहिलं ते बसच्या खिडकीतून. आता सिडनीत पॅरामॅटातल्या एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतो आणि कॅसल हिलला चार बेडरूमच्या घरात राहतो. लोक जुनी नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात, ती निदान कपाटात मावतात. याच्याकडे मका तोडणीची साडेतीन यंत्रं आहेत. अर्धं कुठलं असं विचारलं की तो दुखावतो.

हे यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडत नाहीत, त्याच्या अंगावर चढवतात. पुढे दोन लांब सोंडा, पोटात लोखंडी रूळ, मागे कणसं वर नेणारी शिडी. ट्रॅक्टर ओळीतून निघाला की मक्याची ताटं सोंडांमध्ये शिरतात, कणीस तटकन तुटतं, रूळ त्याची सालं ओढून काढतात आणि सोललेलं कणीस मागच्या ट्रॉलीत जाऊन पडतं. हे सगळं चढवायला अख्खा दिवस लागतो आणि उतरवायला दुसरा. त्यामुळे मोठी हार्वेस्टर आल्यावर शेतकऱ्यांनी ही यंत्रं आनंदाने टाकून दिली आणि माझ्या साडूने तितक्याच आनंदाने उचलली. ‘अरे, यातून तुला मिळतं काय?’ असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, ‘वीस वर्षं जॉब करतोय. आई फोनवर विचारते, आज काय केलंस? दाखवण्यासारखं काही नसतं रे. इथे कणीस इकडून आत जातं आणि तिकडून सोललेलं बाहेर पडतं.’ तसलीच नोकरी मीही करतो.

पहिल्या वर्षी त्याने आमच्या ओळखीतली झाडून सगळी मराठी मंडळी शेतावर कणसांच्या पार्टीला नेली. बायकांनी लिंबं आणि तिखटमीठ घेतलं, पुरुषांनी कोळशाच्या शेगड्या. हे यंत्र ताटावर वाळून खडखडीत झालेल्या मक्यासाठी असतं, एवढी एकच गोष्ट सांगायची साडू विसरला. अर्धा तास भाजूनही दाण्यात दात रुतेना. एका काकांची कवळी कणसातच राहिली आणि ती सोडवायला साडू पाना घेऊन धावला. परतताना सगळी वरात हॅरिस पार्कला डोसे खायला थांबली. साडू मात्र गाडीत गुणगुणत होता, कारण यंत्र एकदाही अडकलं नव्हतं.

ही यंत्रं ठेवलेली असत कॉलिनच्या शेडमध्ये, ब्लू माउंटन्सच्या पलीकडे, चार तासांवर. कॉलिन एक्याऐंशी वर्षांचा, एकटा राहणारा, मोजकं बोलणारा शेतकरी; साडू त्याला ‘कॉल’ म्हणतो. साडूने पहिलं यंत्र त्याच्याकडूनच घेतलं आणि यंत्राबरोबर कॉलिनही घेतला म्हणायला हरकत नाही. कॉलिनच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. तरुणपणी चालू यंत्रात अडकलेलं ताट ओढायला गेला, तेव्हा दोन गेली. म्हणून त्याने साडूला पहिल्याच दिवशी नियम घालून दिला: इंजिन बंद, किल्ली खिशात, दहापर्यंत मोजायचं, मगच हात घालायचा. साडूने हा नियम संसारालाही लावला. मिक्सर थांबला तरी दहा मोजल्याशिवाय तो झाकण काढत नाही. ‘परवा काय आहे, लक्षात आहे ना?’ असं माझ्या मेहुणीने विचारलं तरी आधी दहा मोजतो आणि मग ‘हो, आपली अॅनिव्हर्सरी’ म्हणतो. तेवढ्या वेळात मेहुणीचा चेहरा पार बदललेला असतो.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी कॉलिनने शेत विकलं. ख्रिसमसच्या आत ताबा द्यायचा आणि ब्रिस्बेनला मुलीकडे जायचं ठरलं. म्हणजे उभा होता तो त्याचा शेवटचा मका. जूनमध्ये साडूने जाऊन ट्रॅक्टरवर यंत्र चढवलं. पुढच्या शनिवारी तोडणी ठरली आणि नेमकं त्याच शनिवारी सिडनीला टाळं लागलं. शहराबाहेर पडायची सोय उरली नाही. त्या संध्याकाळी मेहुणीने साडूची पॅन्ट धुवायला घेतली तर खिशातून ट्रॅक्टरची किल्ली निघाली. नियमाप्रमाणे ठेवलेली.

‘मग पोस्टाने पाठव की,’ मेहुणी म्हणाली. साडूने पाकीट आणलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं. रोज सकाळी फिरायला जाताना तो पाकीट घेऊन निघायचा, कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीसमोर उभा राहून दहा मोजायचा आणि पाकिटासकट परत यायचा. शेवटी मला फोनवर म्हणाला, ‘पाठवली तर तो एकटाच तोडायला काढेल. अडकलं की घाईघाईत हात घालेल. त्याला थांबवायला तिथे आहे कोण? आणि नाही पाठवली तर त्याचा शेवटचा मका पाखरं खाऊन टाकतील. काय करू?’ मीही घरात कोंडलेलाच होतो. कॉलिनचा एकट्याचा संसार डोळ्यांपुढे आला आणि ‘उद्या बघू’ म्हणून मी फोन ठेवला.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. कॉलिन फोन असा धरायचा की फक्त त्याचं कपाळ आणि छप्पर दिसे. ‘किल्ली टाकलीस का पोस्टात, मेट?’ ‘पोस्ट फार स्लो आहे, कॉल.’ ‘नो वरीज.’ त्या दिवसांत टपाल खरंच रखडत होतं, म्हणून थाप खपून गेली. पण ऑफिसात दहा मिनिटं उशीर झाला तरी स्वतःहून सांगणारा माझा साडू त्यानंतर रविवारी धड जेवायचा नाही. त्याची मुलगी म्हणाली, ‘बाबा, जस्ट टेल हिम द ट्रुथ.’ त्याने दहा मोजले, आणखी दहा मोजले आणि बागेतलं गवत कापायला निघून गेला.

नोव्हेंबरात बंदी उठली तेव्हा आम्ही दोघं पहाटेच निघालो. पाकीट साडूच्या वरच्या खिशात होतं. शेतात ताटं उभी होती, पण कणसं पांढऱ्या काकाकुव्यांनी कुरतडून फस्त केली होती. शेडजवळच्या चार ओळी तेवढ्या शाबूत होत्या. त्यांच्यासमोर एक खुर्ची, आणि खुर्चीवर एक पातेलं नि पळी. जूनपासून तिथे बसून कॉलिन पाखरं हाकलायला पातेलं बडवत होता.

साडूने पाकीट पुढे केलं. ‘कॉल, मी पाठवलीच नाही. तू एकट्याने तोडशील म्हणून भ्यायलो. खोटं बोललो तुझ्याशी.’ कॉलिन शेडमध्ये गेला आणि खिळ्यावरून काहीतरी काढून घेऊन आला. ट्रॅक्टरची दुसरी किल्ली.

‘ही होती तुझ्याकडे? मग तोडला का नाहीस?’ साडूने विचारलं.

‘तू येणार होतास ना, मेट,’ कॉलिन म्हणाला.

त्या चार ओळी साडूने तोडल्या. कॉलिन बाजूने चालत होता. शेवटच्या वळणावर यंत्र अडकलं. साडूने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि दोघांनी मोजायला सुरुवात केली, कॉलिनने इंग्रजीत, साडूने मराठीत. दहा दोघांचे एकदमच झाले. मग कॉलिनने तीन बोटांचा हात घातला आणि ताट ओढून काढलं. ट्रॉलीचा तळही धड झाकला नाही, पण इतकं सुखी झालेलं माणूस मी त्या दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि तिथे तर दोन होती.

कॉलिन आता ब्रिस्बेनला असतो. जाताना ट्रॅक्टर साडूला देऊन गेला. ट्रॅक्टर आणि साडेतीन यंत्रं जुन्या शेताजवळच्याच एका शेजाऱ्याच्या शेडमध्ये उभी आहेत. कॉलिनच्याने आता फार चालवत नाही आणि तो इतक्या लांब परत येईल असं कुणालाच वाटत नाही. साडूच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी दोन्ही किल्ल्या दोन वेगळ्या खिळ्यांवर टांगलेल्या असतात. परवा चहा घेताना मी सहज म्हटलं, ‘दोन कशाला लागतात रे?’

‘ती कॉलची आहे,’ तो म्हणाला. ‘आला की लागेल.’

या खेपेला दहापर्यंत मी मोजलं आणि मग म्हटलं, ‘हो, लागेल.’